सत्तरी ओलांडली म्हणून स्वयंसेवकाचं काम काढून घ्यावं का?

ओसरी (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. बरेच दिवस मनात घोळतंय, आज लिहितेच.

माझं वय ७१. निवृत्त झाल्यावर एक वर्ष घरात काढलं आणि मग आमच्या भागातल्या एका सेवागटात जायला लागले. काम म्हटलं तर साधं आहे. आजारपणामुळे किंवा वयामुळे ज्यांना घराबाहेर पडता येत नाही, त्यांच्याकडे आठवड्यातून दोनदा जायचं. काही वाचून दाखवायचं, एखादा अर्ज भरून द्यायचा, वारांच्या डबीत गोळ्या नीट भरल्या आहेत का ते बघायचं, आणि थोडा वेळ नुसतं बसायचं. नुसतं बसणं हे सगळ्यात मोठं काम आहे, हे मला दुसऱ्या वर्षी कळलं.

सहा वर्षं झाली. सध्या माझ्याकडे तीन घरं आहेत. त्यातल्या एका आजी ८८ वर्षांच्या. त्यांना जवळजवळ दिसत नाही. मला ‘पोरी’ म्हणतात. माझी पावलं त्यांना जिन्यावरूनच ओळखू येतात.

गेल्या महिन्यात गटाने नियम केला: सत्तरीपुढच्या कोणीही यापुढे एकट्याने गृहभेटीला जायचं नाही. आम्हा चौघांना ‘सल्लागार’ केलंय, म्हणजे महिन्यातून एक बैठक. निर्णय कळला तो मोबाइलवर, सगळ्यांना गेलेल्या एका संदेशातून. तुम्हाला जिना चढवतो का, ऐकू नीट येतं का, हे कोणी विचारलं नाही. जन्मसाल बघितलं आणि रेघ ओढली.

मला राग आलाय, वाईटही वाटलंय. पण मी हट्ट करतेय का, अशी शंकाही येते. तुमच्या गटांत काय पद्धत आहे? वयाची रेघ असावी का?

खडूफळा

ताई, हट्ट अजिबात नाही. काम काढून घेतलं ते एक वेळ समजू, पण संदेशावर कळवलं हे मला जास्त लागलं. सहा वर्षं दिलेल्या माणसाला समोर बसवून सांगायला हवं होतं.

वळीव

मी दुसऱ्या बाजूने लिहिणार आहे, ओसरीताई, कृपया रागावू नका. माझं वय ३८, आणि मी अशाच एका गटाची समन्वयक आहे. आमच्याकडेही दोन वर्षांपूर्वी असाच नियम झाला आणि तो मीच लिहिला.

आमचे एक काका ७४ वर्षांचे, एकदम काटक. एका अंथरुणाला खिळलेल्या गृहस्थांकडे जायचे. एके दिवशी त्यांच्या स्वयंपाकघरात पाय घसरून पडले. खुब्याचं हाड मोडलं. घरात दुसरं माणूस होतं ते पलंगावरून उठू न शकणारं. काकांचा मोबाइल बाहेरच्या खोलीत, पिशवीत. पाऊण तास ते जमिनीवर, आणि ते गृहस्थ पलंगावरून त्यांच्याशी बोलत राहिले, दुसरं काही करूच शकत नव्हते. शेवटी शेजारच्यांना हाका ऐकू आल्या.

काका बरे झाले, पण पूर्वीसारखं चालणं राहिलं नाही. आणि ते गृहस्थ! ‘माझ्यामुळे झालं’ हे त्यांनी मनातून काढलंच नाही. त्यानंतर कोणाला घरी यायला ते परवानगीच देईनात.

पुढे विम्याचं निघालं. अपघात विम्याच्या बऱ्याच पॉलिसींत वयाची वरची मर्यादा असते, आमच्याही होती. मी दोन रात्री झोपले नाही आणि नियम लिहून टाकला. तुमच्या समन्वयकाच्या मनातही अशीच भीती असेल.

आडवाट

वळीव, तुमचा अनुभव वाचून कसंतरी झालं. पण एक विचारतो. ते काका ४४ वर्षांचे असते आणि ओल्या फरशीवर घसरले असते, तर पाऊण तास पडून राहिलेच असते ना? मोबाइल पिशवीत होता, ते कुठे आहेत हे गटात कोणाला माहीत नव्हतं, आणि ठरलेल्या वेळी परतले नाहीत हे कोणाच्या लक्षात आलं नाही. यातल्या एकाही गोष्टीचा जन्मसालाशी संबंध नाही. दुरुस्ती तिथे हवी होती. नियम लागला वयाला.

वयावरून माणसाबद्दल आधीच मत बनवून टाकण्याला इंग्रजीत ‘एजिझम’ म्हणतात. हा शब्द रॉबर्ट बटलर या अमेरिकी मनोविकारतज्ज्ञाने १९६९ साली रूढ केला. आपल्याकडे त्यासाठी चटकन तोंडात येईल असा शब्द नाही. त्याऐवजी ‘आता आराम करा’ हे वाक्य आहे, आणि ते प्रेमाने म्हटलेलं असतं म्हणून त्याला विरोध करणं जास्त अवघड जातं.

वळीव

आडवाट, मान्य करते. काका पडले तेव्हा आमच्याकडे ‘पोचलो’, ‘निघालो’ कळवायची पद्धत नव्हती. आता आहे. पण नियम तसाच राहिला.

सुईदोरा

मी फिजिओथेरपिस्ट आहे. वयाची रेघ आणि ‘कोणालाही काहीही करू द्या’ यांच्यामध्ये बरीच जागा आहे.

पडण्याचा धोका ढोबळपणे बघायला आम्ही ‘टाइम्ड अप अँड गो’ नावाची चाचणी वापरतो. १९९१ पासून वापरात आहे. खुर्चीत बसायचं, उठायचं, तीन मीटर नेहमीच्या चालीने चालायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेच्या मार्गदर्शिकेप्रमाणे १२ सेकंद किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका आहे असं धरून पुढची तपासणी करतात. त्यासोबत नजर, ऐकणं, चक्कर येते का, कोणती औषधं चालू आहेत आणि गेल्या वर्षभरात कधी पडलात का, हे विचारायचं. शेवटचा प्रश्न फार कामाचा, कारण एकदा पडलेल्या माणसाचा पुन्हा पडण्याचा धोका वाढलेला असतो.

माझ्याकडे ७६ वर्षांच्या बाई येतात, त्यांचा तोल पन्नाशीतल्या अनेकांपेक्षा चांगला आहे. ६३ वर्षांचे एक गृहस्थ येतात, त्यांना मी एकट्याने जिना उतरू देणार नाही. जन्मसालावरून मला या दोघांबद्दल काहीच कळलं नसतं.

मात्र ही चाचणी म्हणजे पास-नापासची परीक्षा नव्हे. गटांनी ती वयस्करांना गाळायची चाळणी म्हणून वापरली तर माझ्या सांगण्याचा उलटाच उपयोग झाला असं होईल. आणि करायचीच तर सगळ्यांची करा, तिशीतल्यांचीसुद्धा.

गणिताचा तास

सुईदोरा यांचा प्रतिसाद वाचून लगेच पट्टीने तीन मीटर मोजले. ९ सेकंद. बायको म्हणाली, ‘बघू इकडे घड्याळ.’ तिला ८ लागले. आता दोन्ही सुना आणि शेजारचे रांगेत आहेत.

खडूफळा

@गणिताचा तास, निकाल इथे लावा!

उंबरठा

मला मुलांच्या बाजूने लिहायचंय. माझे बाबा ७३ वर्षांचे. आई गेल्यानंतर दीड वर्ष ते खिडकीशी बसून असायचे. मग एका गटात गेले. तिथे लहान मुलांना वाचायला शिकवतात आणि हे वाचनालयातली फाटकी पुस्तकं शिवतात. आता सोमवार ते शुक्रवार सापडत नाहीत.

मी आधी खूश होते. नंतर मला राग येऊ लागला, हे इथे कबूल करते. माझ्या मुलीला शाळेतून आणायला बाबांना वेळ नसतो आणि परक्या मुलांना शिकवायला असतो! एकदा बोलून गेले. बाबा म्हणाले, ‘तिथे माझी वाट बघतात. इथे मी सोयीचा आहे.’

आठवडाभर मी त्यांच्याशी नीट बोलले नाही. मग जाणवलं की मी त्यांना फक्त अडचण आली की फोन करते. आता गुरुवारी त्यांनी नातीला आणायचं आणि त्या बदल्यात रविवारी मी त्यांच्यासोबत पुस्तकं शिवायला बसायचं, असं ठरलंय. मला अजून टाका सरळ घालता येत नाही.

दीपमाळ

उंबरठा, तुझ्या बाबांचं वाक्य माझ्या मनातलं आहे. पण दुसरी बाजूही ऐक, मी स्वतः ६९ आहे. आमच्या गटात काही जणी घरातल्या कुरबुरींपासून पळ काढायला येतात. तेही चालतं, प्रत्येकीला मोकळा श्वास हवा. फक्त त्या घरचा राग तिथे आणतात तेव्हा ज्यांच्यासाठी आपण जातो त्यांनाच आपली समजूत काढावी लागते. अंथरुणावरच्या बाईने भेटायला आलेल्या बाईचे डोळे पुसलेले मी पाहिलेत. अर्थात त्या अंथरुणावरच्या बाईला त्या दिवशी बरंही वाटलं असेल, खूप दिवसांनी तिचा कोणाला तरी उपयोग झाला. मला ठरवता येत नाही.

कवडसा

थोडी अभ्यासाची भर घालतो, कारण ‘सेवा केली की आयुष्य वाढतं’ असे संदेश फार फिरतात.

२०२० साली अमेरिकेतला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. पन्नाशीपुढची जवळपास १३,००० माणसं, चार वर्षांचा पाठपुरावा. वर्षाला १०० तास किंवा जास्त स्वयंसेवा करणाऱ्यांत मृत्यूचा आणि हालचालींवर मर्यादा येण्याचा धोका कमी आढळला, उमेद जास्त आढळली. १०० तास म्हणजे आठवड्याला साधारण दोन. पण त्याच अभ्यासात मधुमेह, रक्तदाब, पक्षाघात, कर्करोग यांबाबतीत फरक दिसला नाही, हे त्या संदेशांत कोणी लिहीत नाही. शिवाय मुळात जे धडधाकट असतात तेच स्वयंसेवेला जातात, ही अडचण आहेच. संशोधकांनी आधीची तब्येत हिशेबात धरली होती, तरी असा अभ्यास कारण सिद्ध करत नाही.

मला जास्त आवडलेला अभ्यास २०१२ सालचा. त्यात स्वयंसेवा कशासाठी करता हे आधी विचारलं होतं आणि चार वर्षांनी कोण हयात आहे ते पाहिलं होतं. दुसऱ्यांसाठी करणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण कमी होतं. मुख्यतः स्वतःच्या फायद्यासाठी करणाऱ्यांत ते स्वयंसेवा न करणाऱ्यांइतकंच होतं.

दीपमाळ

म्हणजे आयुष्य वाढावं म्हणून सेवा करायला गेलं तर वाढत नाही? आमच्या गटाच्या फलकावर ‘निरोगी राहा, सेवेला या’ असं लिहिलंय, ते बदलायला सांगते.

निळी छत्री

मला हे फायद्या-तोट्याचं बोलणंच पटत नाही. ओसरीताईंच्या आजींना वाचून दाखवणारं कोणी हवं आहे, म्हणून ताई जातात. त्याने ताईंचा रक्तदाब कमी होतो की नाही याचा इथे काय संबंध? वयस्कर स्वयंसेवकांचा विषय निघाला की सगळे त्यांच्या तब्येतीबद्दल बोलतात, जणू स्वयंसेवा म्हणजे त्यांच्यावरचा उपचार. तरुण स्वयंसेवक काय काम करतो ते विचारतात, वयस्कराला ‘बरं वाटतं ना आता?’ विचारतात.

पाणंद

निळी छत्री, शंभर टक्के अनुमोदन. काम म्हणून बघितलं की वय कसं उपयोगी पडतं याचं माझ्या माहितीतलं सगळ्यात ठसठशीत उदाहरण झिम्बाब्वेमधलं आहे.

तिथले डॉ. डिक्सन चिबांडा मनोविकारतज्ज्ञ. देश सव्वा कोटीहून अधिक लोकांचा आणि मनोविकारतज्ज्ञ बोटांवर मोजण्याइतके. त्यांच्या एका तरुण रुग्णाने आयुष्य संपवलं. रुग्णालयात यायचं ठरलं होतं, पण बसभाड्याचे पैसे घरात नव्हते. त्या धक्क्यातून त्यांनी ठरवलं की उपचार वस्तीत गेला पाहिजे. २००६ साली हरारेच्या म्बारे भागात त्यांच्या हाताशी फक्त १४ आज्या होत्या, वस्तीत काम करणाऱ्या. दवाखान्याबाहेर झाडाखाली एक लाकडी बाक, बाकावर आजी, शेजारी मनाने खचलेला माणूस. आजीने ऐकायचं आणि त्याच्यासोबत एका वेळी एक अडचण सोडवायची.

डॉक्टरांनी आधी त्याला ‘मानसिक आरोग्य बाक’ म्हटलं होतं. त्यावर कोण बसायला येणार! नाव बदला असं आज्यांनी सांगितलं आणि तो ‘मैत्रीचा बाक’ झाला. नैराश्याला तिथल्या शोना भाषेत ‘कुफुंगिसिसा’ म्हणतात, म्हणजे फार विचार करत बसणं. आज्या तोच शब्द वापरतात.

पुढे रीतसर चाचणी झाली. २४ दवाखाने, ५७३ रुग्ण, निष्कर्ष २०१६ साली ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. सहा महिन्यांनंतर बाकावर बसलेल्यांची लक्षणं नेहमीचे उपचार मिळालेल्यांपेक्षा स्पष्टपणे कमी होती.

त्या आज्यांना वयाचा नियम लावला असता तर ते बाक रिकामेच राहिले असते.

आडवाट

पाणंद, सुरेख माहिती. त्याला जोडून जपानचं सांगतो. २०११ साली फुकुशिमा अणुदुर्घटनेनंतर यासुतेरु यामादा नावाच्या ७२ वर्षांच्या निवृत्त अभियंत्याने साठीपुढच्या कुशल लोकांचा एक गट उभा केला. म्हणणं असं की किरणोत्सर्गामुळे होणारा कर्करोग दिसायला कित्येक वर्षं जातात, आमच्याकडे तेवढी वर्षंच नाहीत, तेव्हा तरुण कामगारांऐवजी आम्हाला आत पाठवा. सगळे ‘वय झालं म्हणून नको’ म्हणतात, ते म्हणत होते ‘वय झालं म्हणूनच आम्ही’.

वळीव

आडवाट, यामादांचं धाडस मोठं आहे. पण मी समन्वयक असते तर त्यांनाही सहजी हो म्हटलं नसतं. स्वतःचा धोका पत्करायचा हक्क स्वयंसेवकाला आहे. त्याला तिथे पाठवल्याची जबाबदारी मात्र माझ्याकडेच राहते.

मधली सुट्टी

अवांतर: सेवागटांत पुरुष इतके कमी का? आमच्या वडिलांना तीनदा नेलं, तीनदा कोपऱ्यात बसून परत आले. ‘तिथे नुसतं बोलतात’ असं म्हणतात.

गणिताचा तास

@मधली सुट्टी, वडिलांना बोलायला नेऊ नका, काहीतरी दुरुस्त करायला न्या. ऑस्ट्रेलियात १९९० च्या दशकात ‘मेन्स शेड’ सुरू झाल्या. निवृत्त पुरुषांनी एकत्र येऊन लाकूडकाम करायचं, मोडलेल्या वस्तू नीट करायच्या. पुरुष समोरासमोर बोलत नाहीत, खांद्याला खांदा लावून बोलतात, असं तिथे म्हणतात. माझा अनुभव तोच. शाळेची बाकं दुरुस्त करायला आम्ही सात जण जातो. पहिले दोन महिने ‘पान्हा दे’, ‘खिळा धर’ याखेरीज शब्द नाही. तिसऱ्या महिन्यात एका बाकाचा पाय बसवता बसवता एकाने बायकोच्या आजारपणाचं सांगितलं. नजर बाकाच्या पायावरच होती. आम्हीही बाकाकडे बघतच ऐकलं.

मधली सुट्टी

हे करून बघते. बाबांच्या हातात रंधा दिला की ते वेगळेच माणूस होतात.

खडूफळा

शाळेचा विषय निघालाच आहे तर मूळ प्रश्नाला धरून एक सांगते. मी शिक्षिका होते. अमेरिकेत ‘एक्सपिरियन्स कोअर’ नावाचा कार्यक्रम सुरू झाला. बाल्टिमोरमध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी त्याचा मोठा अभ्यास केला, ६० वर्षांपुढचे ७०२ लोक त्यात होते. कार्यक्रमातले स्वयंसेवक प्राथमिक शाळेतल्या लहान मुलांना वाचनात मदत करायचे, तेही आठवड्याला किमान १५ तास. पंधरा! आपण वयस्कर स्वयंसेवकाला तासभर बोलावतो आणि ‘दमलात का’ विचारतो.

मला त्यातली मांडणी फार आवडली. आधी प्रशिक्षण. एका शाळेत एकट्यादुकट्याला न पाठवता अख्खा चमू पाठवायचा, म्हणजे कोणी आजारी पडलं तर काम अडत नाही आणि एकमेकांवर लक्षही राहतं. आणि काम खरं द्यायचं, जे झालं नाही तर कोणाचं तरी नुकसान होईल असं. ओसरीताईंच्या गटाने त्यांना सल्लागार केलं तेव्हा नेमकं हे खरेपण काढून घेतलं.

कवडसा

अवांतरात अवांतर: ओसरीताई, वाचून कसं दाखवता ते लिहाल का? माझ्या काकूंची नजर जात चालली आहे.

ओसरी

सगळ्यांचे प्रतिसाद दोनदा वाचले. वळीव, तुमच्यावर राग नाही, उलट त्या काकांचं वाचून मी आमच्या समन्वयकाच्या जागी बसून पाहिलं.

कवडसा, आधी तुमचं. ज्या कानाने त्यांना चांगलं ऐकू येतं त्या बाजूला बसा. आवाज चढवू नका, वेग कमी करा. परिच्छेद संपला की थांबा, त्यांना काही म्हणायचं असतं. मागच्या वेळी कुठे थांबलो होतो ते त्यांनाच विचारा. आपण सांगू नका. आजींना बरोबर आठवतं आणि ते सांगताना त्या ताठ बसतात. झोप लागली तर लगेच थांबू नका, दोन-चार ओळी पुढे वाचत राहा, एकदम शांतता झाली की दचकून जाग येते. आणि दुःखाचा भाग आपल्या मनाने गाळू नका. मी एकदा गाळला होता. त्यांना कळलं. म्हणाल्या, ‘पोरी, मी काय काय पाहिलंय, पुस्तकातल्या मरणाला भिऊ का?’

निळी छत्री

ताई, एक राहून गेलंय. नियम करताना तुम्हाला विचारलं नाही हे तुम्ही लिहिलंत. आजींना कोणी विचारलं का?

सावकाश

मी ७९. फार लिहीत नाही, पण इथे लिहिणं भाग आहे, कारण सगळे काम सुरू ठेवण्याबद्दल बोलताहेत आणि मी थांबलेला माणूस आहे.

अकरा वर्षं गृहभेटी केल्या. माझं चालणं चांगलं आहे, सुईदोरांची चाचणी मी आजही आरामात पार करेन. माझं घसरलं ते दुसरीकडे. दोन वर्षांपूर्वी एका गृहस्थांच्या डबीत मी सकाळची गोळी रात्रीच्या खणात भरली. दोन्ही पाकिटं सारखीच चंदेरी. त्यांच्या मुलीच्या लक्षात आलं, काही अपाय झाला नाही. तिने हसून सोडून दिलं. मी सोडू शकलो नाही. पुढच्या महिन्यात पुन्हा तसंच होता होता राहिलं.

मी स्वतःच समन्वयकाला सांगितलं. ती माझ्या नातीच्या वयाची. तिने आधी विचारलं, ‘काका, यातलं काय तुम्हाला ठेवायचंय?’ हा प्रश्न मला कोणी विचारेल असं वाटलं नव्हतं. मी म्हणालो, बोलणं ठेवायचंय. आता मी रोज सकाळी साडेनऊ ते अकरा पाच जणांना फोन करतो. एकाने दोनदा उचलला नाही तर कोणाला कळवायचं ते ठरलेलं आहे. मागच्या हिवाळ्यात एका बाईंनी उचलला नाही, शेजारी गेले, त्या न्हाणीघरात पडलेल्या होत्या. वेळेवर कळलं.

ओसरीताई, तुमच्या गटाने चूक केली असं मलाही वाटतं. पण एक दिवस तुम्हालाही काहीतरी सोडावं लागेल. ते काय, हे तुम्ही आधीच ठरवून समन्वयकाला सांगून ठेवा. दुसऱ्याने सांगायची वेळ आली की फार लागतं.

सुईदोरा

सावकाश काका, तुमचा प्रतिसाद मी आमच्या दवाखान्यात वाचून दाखवणार आहे. गोळ्यांचा मुद्दा माझ्या लक्षातच आला नव्हता, मी फक्त पायांकडे बघत होते.

वळीव

काकांच्या प्रतिसादानंतर आमच्या समितीपुढे ठेवायला एक मसुदा लिहिलाय. वयाची ओळ खोडली. दर वर्षी प्रत्येक स्वयंसेवकाशी, वय काहीही असो, अर्धा तास बोलायचं: कोणतं काम झेपतं, कोणतं जड जातंय, काय ठेवायचंय. शेवटचा प्रश्न तुमचाच आहे काका. गोळ्यांची डबी तपासायची तर दोघांनी. पोचल्याचा आणि निघाल्याचा निरोप सगळ्यांना सक्तीचा. विमा कंपनीशी बोलणं चालू आहे, ते सोपं दिसत नाही. विमा मिळाला नाही तर जिन्याची आणि एकट्या माणसाची घरं कोणाला द्यायची हा प्रश्न माझ्यापुढे उरतोच, तो मी लपवत नाही.

उंबरठा

वळीव, तुझ्या गटातल्या त्या काकांचं पुढे काय झालं, पडले होते ते?

वळीव

गटात येत नव्हते. हा धागा वाचून काल त्यांना फोन केला. दोन वर्षांत मी केलेला पहिला फोन. सावकाश काकांसारखं फोनवरचं काम घ्याल का म्हणून विचारलं. म्हणाले, ‘मला वाटलं तुम्ही मला विसरलात.’ सोमवारपासून तीन नावं त्यांना देतेय. त्यातलं एक नाव त्या पलंगावरच्या गृहस्थांचं आहे.

दीपमाळ

डोळे भरून आले.

ओसरी

निळी छत्री, तुमच्या प्रश्नाने मी दोन दिवस अस्वस्थ होते. आजींना कोणीच विचारलं नव्हतं. मीसुद्धा.

मग विचारलं. वाटलं होतं, त्या म्हणतील ‘तूच ये’. त्या म्हणाल्या, ‘तू जिना चढताना तिसऱ्या वळणावर थांबतेस हल्ली. मी ऐकते. मला रोज भीती वाटते की पोरगी पडेल.’ मी थांबते हे मला माहीत होतं. त्यांना ऐकू जातं हे माहीत नव्हतं.

काल समन्वयकाशी समोरासमोर बोलणं झालं, जवळजवळ दीड तास. तिने संदेशाबद्दल मनापासून माफी मागितली. मी सावकाश काकांचा प्रतिसाद तिला वाचून दाखवला. तळमजल्यावरची दोन घरं माझ्याकडेच राहतील, एकटीने. त्यासाठी माझी आणि तिची स्वतःचीही चालण्याची चाचणी घ्यायची ठरलं. तिला ती कल्पना आवडली. बाकी तिघांशीही ती अशीच एकेकाला भेटून बोलणार आहे. नियम मात्र अजून रद्द झालेला नाही, पुढच्या बैठकीत मांडणार आहोत.

आजींचं घर तिसऱ्या मजल्यावर आहे. तिथे आता मी एकटी जाणार नाही. गटात एक बावीस वर्षांचा मुलगा नवीन आलाय, तो सोबत असेल. पिशवी तो घेईल, गोळ्या दोघांनी बघायच्या, वाचायचं आळीपाळीने. आजींना त्याच्याबद्दल सांगितलं तर म्हणाल्या, ‘त्याला सांग, फार भरभर वाचायचं नाही.’

मंगळवारी पहिल्यांदा दोघं जातोय. मागच्या वेळी सतराव्या प्रकरणाच्या मध्यावर थांबलो होतो, पण ते मी त्याला सांगणार नाहीये. त्याने आजींना विचारायचं.